आकड्यामागची साक्ष

'रजिस्टर' हा शब्द मुळात इंग्रजी. पण मराठी घरांत तो आता परका राहिलेला नाही. शाळेत हजेरीचे रजिस्टर असते, रेशनच्या दुकानात धान्यवाटपाचे असते, दवाखान्यात रुग्णांचे असते आणि आपल्या चर्चच्या कपाटात स्नानसंस्कारांचे व विवाहांचे असते. या सर्वांचा गुण एकच. घटना घडून जाते, जमलेली माणसे पांगतात, कित्येक तर या जगातूनही निघून जातात. पण लिहिलेली ओळ राहते. पणजोबांच्या स्नानसंस्काराची तारीख हवी असली, की आपण ती नोंदवहीला विचारतो आणि नोंदवही सांगते.

प्रस्तुत लेखात ज्या रजिस्टरांविषयी लिहावयाचे आहे, ती कागदाची नाहीत. विद्युत् मोजमापाच्या यंत्रांच्या पोटात ती असतात. त्यांतील एकेकाला आठ किंवा सोळा घरे असतात आणि प्रत्येक घरात एक तर १ असतो, नाही तर ०. इंग्रजीत त्यांना 'स्टेटस रजिस्टर' म्हणतात. मराठीत 'अवस्थेची नोंद' म्हणता येईल. यंत्राने आकडा दिला, तो देताना यंत्र स्वतः कोणत्या अवस्थेत होते, एवढेच या नोंदी सांगतात. परंतु हे 'एवढेच' फार मोलाचे आहे, असे आम्हांला आयुष्यभराच्या नोकरीने शिकवले.

हा विषय कारखान्यातल्या माणसांचा; धर्मग्रामातील कुटुंबांनी तो कशासाठी वाचावा, असे कोणी विचारील. त्याचे कारण असे, की आज आपल्या घरातले कितीतरी निर्णय आकडा घेतो. लेकराला तापाचे औषध द्यावे की नाही, हे थर्मामीटरचा आकडा ठरवतो. आजीच्या ताटात भात किती वाढावा, हे रक्तातील साखर मोजणाऱ्या यंत्राचा आकडा ठरवतो. विजेचे बिल मीटरचा आकडा ठरवतो. माणसाच्या शब्दावर आपण असा डोळे मिटून विश्वास ठेवत नाही. सांगणारा कोण, त्याने स्वतः पाहिले काय, त्या वेळी तो भानावर होता काय, हे सारे आपण विचारतो. यंत्राच्या आकड्यापुढे मात्र आपली जीभ अडखळते.

आमचे वास्तव्य फुलचूरला आहे. गोंदिया शहराला लागून असलेले हे गाव. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झाला. पण या मुलखाची ओळख त्याहून पुष्कळ जुनी, धानाच्या बांध्यांची आणि राईस मिलींची. खरिपाची मळणी आटोपली, की आधारभूत किमतीने धान घेणाऱ्या केंद्रांवर चुंगड्यांच्या थप्प्या लागतात. तेथे धानातील ओलाव्याची मर्यादा १७ टक्के. केंद्रावरचा माणूस चुंगडीतून मूठभर धान काढतो, ओलावा मोजणाऱ्या यंत्रात घालतो आणि आकडा वाचतो. आकडा १७ च्या आत आला तर धान काट्यावर जाते. वर गेला तर परत वाळवणीवर. त्या आकड्यावर एका कुटुंबाचे गाडीभाडे, हमाली आणि सावकाराला दिलेला वायदा अवलंबून असतो.

एका हंगामात आमच्या शेजारच्या शेतकऱ्याला असा अनुभव आला. सकाळी त्याच्या धानाचा आकडा १७.६ आला आणि दुपारी त्याच चुंगडीतल्या धानाचा १६.८. संध्याकाळी तो आमच्या ओट्यावर येऊन बसला आणि म्हणाला, "भाऊ, तुम्ही जन्मभर मीटरंच तपासली. सांगा, यातला खरा आकडा कोणता?"

प्रश्न साधा होता, उत्तर साधे नव्हते. असे यंत्र पाणी प्रत्यक्ष मोजत नाही. दाण्यात पाणी कमीअधिक असेल त्याप्रमाणे धान्याचे विद्युत् गुणधर्म बदलतात. यंत्र ते गुणधर्म मोजते आणि त्यांवरून ओलाव्याचा टक्का काढते. दाणे तापलेले असले किंवा गारठलेले असले, तरी तेच गुणधर्म बदलतात. म्हणून तापमानाची दुरुस्ती करावी लागते. नमुना किती भरला, कसा दाबला, चुंगडीच्या तोंडाशी घेतला की पोटातून काढला, यानेही फरक पडतो. तेव्हा दोन्ही आकडे प्रामाणिक असू शकतील. खरे-खोटे ठरवायला आकड्याखेरीज आणखी काही हवे होते आणि तेच कोणी लिहून ठेवलेले नव्हते.

ज्या यंत्रांत आमची नोकरी गेली, त्यांना हे 'आणखी काही' सांगायला शिकवलेले असते. ते कसे शिकवले गेले, याचा इतिहास रंजक आहे.

पूर्वी प्रयोगशाळेत माणूस यंत्रासमोर बसे, काटा पाही आणि वहीत लिही. काटा थरथरला तर त्याला दिसे. यंत्रातून जळका वास आला तर त्याला कळे. पुढे संगणकाने यंत्रे चालवावीत अशी कल्पना निघाली. अमेरिकेतील ह्युलेट-पॅकार्ड कंपनीने १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्यासाठी तारांची एक जोडणी तयार केली आणि १९७५ मध्ये तिला 'आयट्रिपलई ४८८' या नावाने मानकाचा दर्जा मिळाला. एका जोडणीवर संगणक धरून १५ उपकरणे आणि सर्व केबलींची लांबी मिळून फार तर २० मीटर. आता माणूस यंत्रासमोरून उठला. काट्याची थरथर पाहणारा डोळा आणि जळका वास ओळखणारे नाक, दोन्ही गेली. त्यांच्या जागी काहीतरी ठेवणे भाग होते. ते म्हणजे ही स्टेटस रजिस्टरे.

प्रारंभी यात गोंधळ होता. आठ घरांचा एक 'स्टेटस बाइट' असावा, एवढे ठरले होते. पण त्यातील एका घराचा अर्थ सोडला, तर बाकीची घरे ज्याने त्याने आपल्या मर्जीने वापरावीत अशी मोकळीक होती. एका कंपनीच्या यंत्रात ज्या घरातील १ म्हणजे 'मोजून झाले', त्याच घरातील १ दुसऱ्या कंपनीच्या यंत्रात 'बिघाड आहे' असा असू शके. १९८७ मध्ये 'आयट्रिपलई ४८८.२' हे मानक आले आणि त्याने घरांचे अर्थ व विचारण्याची भाषा नक्की केली. १९९० मध्ये निरनिराळ्या कंपन्यांनी एकत्र येऊन त्यावर आज्ञांची एक समान भाषा रचली; तिला एससीपीआय म्हणतात आणि तंत्रज्ञ तिचा उच्चार 'स्किपी' असा करतात. आज ती जाड केबल जाऊन बहुतेक ठिकाणी यूएसबी किंवा नेटवर्कची तार आली आहे. पण आतली रजिस्टरे अजून तीच आहेत.

त्यांतील मुख्य रजिस्टर घटनांचे. त्यात आठ घरे. उजवीकडून त्यांच्या किमती १, २, ४, ८, १६, ३२, ६४ आणि १२८. पहिल्या घरात १ आला, तर सांगितलेली सर्व कामे पूर्ण झाली. दुसऱ्यात आला, तर यंत्र जोडणीचा ताबा मागत आहे. हे घर क्वचितच वापरले जाते. तिसरे घर प्रश्नोत्तरातील चुकीचे: उत्तर नसताना कोणी ते मागितले, किंवा तयार असलेले उत्तर वाया गेले. चौथे घर यंत्राच्या स्वतःच्या अडचणीचे. पाचवे घर म्हणते, हुकूम समजला, पण तो पाळता येत नाही. ३० व्होल्टच्या यंत्राकडे ३०० व्होल्ट मागितले तर हेच होईल. सहावे म्हणते, हुकूमच समजला नाही, शब्द चुकला. सातवे सांगते, की कोणीतरी यंत्राच्या समोरची कळ दाबली. आणि आठवे, १२८ किमतीचे घर सांगते, की मध्यंतरी यंत्राची वीज जाऊन पुन्हा आली.

यंत्राला विचारायचे झाल्यास तारकाचिन्ह, मग 'ईएसआर' ही तीन अक्षरे आणि पुढे प्रश्नचिन्ह, एवढे पाठवायचे. यंत्र एकच संख्या परत करते. समजा ३६ आले. ३२ अधिक ४ म्हणजे ३६. दुसरी कोणतीही जुळणी होत नाही, कारण प्रत्येक किंमत आधीच्या किमतीच्या दुप्पट आहे. अर्थ असा, की हुकमातला शब्द चुकला म्हणून यंत्राला तो समजला नाही आणि तरीही संगणक उत्तराची वाट पाहत राहिला. एका संख्येत साऱ्या प्रसंगाची हकिकत आली.

येथे या रजिस्टराचा आणि चर्चमधल्या रजिस्टराचा एक मोठा भेद सांगितला पाहिजे. नोंदवही शंभर जणांनी उघडली, तरी तिच्यातली ओळ जागची हलत नाही. यंत्रातले घटनांचे रजिस्टर मात्र वाचताक्षणी पुसले जाते. ज्याने प्रथम विचारले, त्याला ३६ मिळाले. लगेच दुसऱ्याने विचारले, तर त्याला ० मिळेल. यंत्र खोटे बोलले असे नव्हे. 'मागे विचारल्यापासून आतापर्यंत काय घडले?' एवढ्याच प्रश्नाचे उत्तर ते देते. म्हणून पहिल्यांदा विचारणाऱ्यावर एक जबाबदारी येते. त्याने लिहून ठेवले नाही, तर ती घटना जगात कोठेही उरत नाही.

ही जबाबदारी किती मोठी असते, हे आम्ही नव्वदच्या दशकात एका कारखान्यात पाहिले. त्या कारखान्याचे नाव येथे महत्त्वाचे नाही. तेथे पॉवर सप्लाय तयार होत. त्या वेळची एक खेप नवजात अर्भकांना ऊब देणाऱ्या यंत्रांत बसणार होती. तपासणीची रीत अशी: पॉवर सप्लायला 'इलेक्ट्रॉनिक लोड' नावाचे यंत्र जोडायचे. घरातला दिवा किंवा शेगडी जशी वीज ओढते, तशी ते यंत्र सांगितली तेवढी वीज ओढते. तसा भार अंगावर असताना पॉवर सप्लाय १२ व्होल्ट टिकवून धरतो की नाही, हे मल्टिमीटर पाहतो. संगणक रात्रभर एकेक नग घेई, मल्टिमीटरला विचारी आणि आकडे फायलीत लिही. लोडला हुकूम एकदाच, सुरुवातीला दिला जाई.

एका सकाळी फाईल उघडली, तर सारे नग उत्तीर्ण. आकडे देखणे होते. मध्यरात्रीनंतरचे तर एकापेक्षा एक सरस. आमच्यातले तरुण खूश झाले आणि खेप बांधायला काढण्याची तयारी सुरू झाली. तपासणी विभागाच्या प्रमुख बाई मात्र सही करण्यापूर्वी थांबल्या. "मध्यरात्रीनंतर नग सुधारले कसे?" असे त्यांनी विचारले आणि पुढे म्हणाल्या, "मीटर काय म्हणतो ते समजलं. लोड काय म्हणतो?"

लोडला रात्रभर कोणी काही विचारलेच नव्हते. बाईंनी स्वतः खुर्चीवर बसून तो तीन अक्षरी प्रश्न टंकला. उत्तर आले, १२८. बाईंनी प्रथम वही ओढली, तारीख आणि वेळ घातली आणि तो आकडा लिहिला. तेवढ्यात एका तरुणाने तोच प्रश्न पुन्हा पाठवला. या वेळी ० आले. तो म्हणाला, "बाई, आता शून्य येतंय. म्हणजे ठीकच आहे की."

बाई म्हणाल्या, "आत्ता ठीक आहे. रात्री काय झालं, ते मघाच्या आकड्यात होतं."

झाले होते ते असे. रात्री काही क्षण वीज गेली. संगणक आणि मल्टिमीटर यूपीएसवर होते; त्यांना पत्ताही लागला नाही. लोड मात्र साध्या जोडणीवर होता. तो बंद पडला आणि वीज येताच पुन्हा सुरू झाला. परंतु असे यंत्र नव्याने सुरू झाले, की आधीचा हुकूम विसरते आणि सुरक्षिततेसाठी वीज ओढणे बंद ठेवते. म्हणजे मध्यरात्रीनंतरच्या प्रत्येक नगाची परीक्षा अंगावर कसलाही भार नसताना झाली. रिकाम्या डोक्याने चालणारा हमाल ताठच चालणार! मल्टिमीटरने दिलेला प्रत्येक आकडा खरा होता आणि त्यांतून काढलेला निष्कर्ष खोटा. ती सारी खेप पुन्हा तपासली. दोन नग भाराखाली वाकले. ते ज्या यंत्रांत बसले असते, त्यांत कोणाची लेकरे ठेवली गेली असती, हा विचार त्या दिवशी कोणी बोलून दाखवला नाही. पण जेवणाच्या सुट्टीत आमच्या बाकावर नेहमीची थट्टामस्करी झाली नाही.

'आत्ता काय आहे' आणि 'मध्यंतरी काय घडले' हे दोन निराळे प्रश्न आहेत, हे बाईंना ठाऊक होते. यंत्रांच्या रचनेतही ते वेगळे ठेवलेले आहेत. 'कंडिशन रजिस्टर' आत्ताची स्थिती दाखवते. स्थिती बदलली, की तेही बदलते. 'इव्हेंट रजिस्टर' मात्र घटना धरून ठेवते. उष्णता वाढली आणि दोन मिनिटांनी उतरली, तर पहिल्यात पुन्हा ० दिसेल. दुसऱ्यातला १ कोणी विचारीपर्यंत हलणार नाही.

हा भेद धर्मभगिनींच्या दवाखान्यात ज्यांनी काम केले आहे, त्यांना चटकन उमगेल. लसी २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवाव्या लागतात. शीतपेटीतला थर्मामीटर आत्ताचे तापमान सांगतो. सकाळी ५ अंश, संध्याकाळी ५ अंश; मधल्या दुपारी वीज जाऊन पेटी तापली असेल, तर त्याला त्याची आठवण नाही. पण पोलिओच्या लसीच्या कुपीवर १९९६ पासून एक छोटीशी खूण येऊ लागली: वर्तुळ आणि त्याच्या आत फिका चौकोन. उष्णता लागेल तसा तो चौकोन गडद होत जातो आणि कुपी पुन्हा गार केली, तरी तो फिका होत नाही. चौकोन वर्तुळाइतका गडद झाला, की ती लस बाळाला द्यायची नाही. थर्मामीटर म्हणजे कंडिशन रजिस्टर आणि कुपीवरचा चौकोन बव्हंशी इव्हेंट रजिस्टर. अंतर इतकेच, की चौकोनात उष्णता थोडी थोडी साठत जाते, तर रजिस्टरातले घर एका घटनेने भरते.

या दोन रजिस्टरांच्या मध्ये एक गाळणी असते. घटना कशाला म्हणायचे, हे ती ठरवते. वीज गेली ती घटना, की आली ती, की दोन्ही? यंत्र चालवणारा हवे ते निवडू शकतो. त्यापुढे आणखी एक रजिस्टर असते, 'इनेबल' नावाचे. यंत्रात घडणाऱ्या अनेक घटनांपैकी कोणती वरच्या पायरीला कळवायची, ते या रजिस्टरात माणूस लिहितो. यंत्र यातले स्वतःहून काही ठरवत नाही. सगळ्याच घरांना परवानगी दिली, तर यंत्र क्षणाक्षणाला हाक मारील आणि कंटाळून कोणीतरी त्याची हाक ऐकणेच सोडून देईल. एकालाही दिली नाही, तर यंत्र आतल्या आत सारे जाणून गप्प राहील. कशासाठी झोपेतून उठायचे, हे आधी ठरवून ठेवण्याची ही कृती आहे. आजाऱ्याच्या उशाशी रात्र काढणाऱ्या प्रत्येक आईने ती कधी ना कधी केलेली असते: कुशीवर वळला तर उठायचे नाही, श्वास बदलला तर उठायचे.

परवानगी मिळालेल्या घटनांचा सारांश शेवटी त्या आठ घरांच्या स्टेटस बाइटमध्ये येतो. तेथे एक घर सांगते, की उत्तर तयार आहे. दुसरे सांगते, की घटनांच्या रजिस्टरात काही आहे. तिसरे सांगते, की चुकांच्या यादीत काही आहे. आणि ६४ किमतीचे घर म्हणते, 'मला तुमचे लक्ष हवे आहे.' जुन्या जोडणीत या हाकेसाठी सर्व यंत्रांत मिळून एकच तार होती. ती तार ओढली गेली, की संगणकाला एवढेच कळे, की कोणीतरी बोलावत आहे. कोणी आणि कशासाठी, हे एकेका यंत्राला विचारून शोधावे लागे.

गोंदिया हे हावडा–मुंबई मार्गावरचे जंक्शन. येथे ज्यांच्या घरी रेल्वेची नोकरी झाली, त्यांना ही रीत नवी वाटणार नाही. जुन्या ब्लॉक यंत्रावर शेजारच्या स्टेशनाकडून घंटीचा ठोका येई. ठोका लक्ष वेधी. पण गाडीला वाट द्यायची की नाही, ते केवळ ठोक्यावर ठरत नसे. स्टेशनमास्तर यंत्राशी जाई, निरोपाला उत्तर देई, यंत्राची स्थिती पाही आणि रजिस्टरात नोंद करी. घंटी, यंत्र आणि नोंद या तिन्हींचा मिळून एक निरोप होई. नुसत्या घंटीवर गाडी सोडणारा माणूस रेल्वेत टिकला नसता.

स्टेटस बाइटमधले आणखी एक घर आम्हांला सर्वांत जवळचे वाटते. १९९० च्या भाषेने त्याला 'क्वेश्चनेबल' असे नाव दिले, म्हणजे 'शंकास्पद'. त्याच्यामागे सोळा घरांचे एक रजिस्टर असते. त्यांतले शेवटचे घर कधीच वापरत नाहीत. व्होल्टेजविषयी शंका, विद्युत् प्रवाहाविषयी शंका, तापमानाविषयी शंका, कंपनसंख्येविषयी शंका अशी त्यातील घरे आहेत. नवव्या घरात १ आला, तर यंत्र म्हणते, 'माझे स्वतःचे मापच पुन्हा तपासून घ्या.' आकडा द्यायचा आणि त्याबरोबरच, माझ्या या आकड्यावर पूर्ण भिस्त ठेवू नका, असे सांगायचे. ही सोय माणसांनी यंत्रात मुद्दाम घातली. मोजमाप करणाऱ्या लोकांचा हा स्वभाव आहे. शंका सांगितल्याने माप हलके होत नाही; ते कोठवर वापरता येईल, हे त्यामुळे कळते.

चुकांची यादीही अशीच. यंत्र आपल्या चुका आल्या त्या क्रमाने रांगेत ठेवते आणि विचारले, की एकेक सांगते, जुनी आधी. काहीच नसले, तर ० आणि 'चूक नाही' असे उत्तर येते. रांगेला लांबीची मर्यादा असते. ती भरली आणि आणखी चुका आल्या, तर यंत्र रांगेतली शेवटची नोंद काढून तिच्या जागी उणे ३५० हा क्रमांक ठेवते. त्याचा अर्थ, 'रांग भरून वाहिली.' म्हणजे यापुढेही काही घडले, पण ते मला ठेवता आले नाही. आपल्या स्मरणाची हद्द कोठे संपली, ते यंत्र खूण करून दाखवते.

आता शेजाऱ्याच्या प्रश्नाकडे. धानाचा ओलावा मोजणाऱ्या हातातल्या यंत्राकडून एवढ्या रजिस्टरांची अपेक्षा करता येत नाही. ज्या यंत्रात ही सोय नाही, तेथे ती माणसांनी पुरवावी लागते. शेजाऱ्याला आम्ही सांगितले, की पुढच्या वेळी 'आकडा चुकला' असे म्हणून भांडू नकोस. आकड्याबरोबरची अवस्था विचार. बॅटरी उतरल्याची खूण दिसते का? यंत्रावर निवडलेले धान्य धानच आहे ना, गहू तर नाही? नमुना कोठून घेतला? चुंगडी उन्हातून आत्ताच उतरली, की सावलीत विसावली? एकाच चुंगडीतून तीन वेळा मोजले, तर आकडे किती जवळ येतात? यंत्राची तपासणी शेवटची कधी झाली? यांतला एकही प्रश्न अपमानाचा नाही. प्रश्न हळू आवाजात, हंगामाच्या पहिल्याच दिवशी विचारले, तर केंद्रावरच्या माणसालाही ते सोयीचे जातात. कारण संध्याकाळी वाद आला, तर त्याच्याजवळही दाखवायला काही असते.

शेजाऱ्याने एक लहानशी वही केली. आकड्यासमोर वेळ, नमुन्याची जागा आणि तिन्ही वेळचे आकडे, एवढेच रकाने. वहीमुळे त्याचे सारे धान पहिल्याच दिवशी घेतले गेले, असे आम्ही म्हणणार नाही. एकदा त्याच्या स्वतःच्याच वहीने त्याला सांगितले, की धान खरोखर ओले आहे. त्याने ते निमूटपणे परत नेले आणि दोन दिवस वाळवले. पण त्या खेपेस तो चिडला नव्हता. आकडा कसा आला, हे त्याने पाहिले होते.

घरातल्या यंत्रांनाही हेच लागू आहे. रक्तातील साखर मोजणारे यंत्र आपल्या मर्यादेबाहेर गेले, की आकडा देण्याऐवजी 'जास्त' किंवा 'कमी' अशा अर्थाची अक्षरे दाखवते. तो त्याचा बिघाड नव्हे, ती तातडीची सूचना आहे आणि ती डॉक्टरांना कळवायची असते. रक्तदाबाची अनेक नवी यंत्रे ठोके अनियमित लागले, तर आकड्याशेजारी एक लहान चित्र दाखवतात. बहुतेक घरांत आकडा वहीत उतरतो आणि चित्र राहून जाते. त्या चित्रासाठीही वहीत एक रकाना असावा.

आमच्याकडे अधूनमधून डिप्लोमाचे विद्यार्थी येतात. यंत्रांना आज्ञा लिहिण्याची त्यांना हौस असते. त्यांच्या प्रोग्रामची पहिली ओळ बहुधा एकच असते: तारकाचिन्ह आणि 'सीएलएस' ही तीन अक्षरे. या आज्ञेने घटनांची रजिस्टरे आणि चुकांची रांग एका झटक्यात कोरी होतात. पाटी कोरी करून सुरुवात करण्यात गैर काहीच नाही. परंतु रात्रीचे १२८ त्या पाटीवर असेल, तर तेही जाते आणि जाताना आवाज करत नाही. म्हणून आम्ही त्यांना त्या ओळीच्या वर दोन ओळी जास्तीच्या लिहायला लावतो. पहिल्या ओळीत यंत्राला विचारायचे. दुसरीत त्याचे उत्तर, तारीख-वेळेसह, फायलीत लिहायचे. पुसण्याची आज्ञा तिसऱ्या ओळीत.